मागे कोण उभे राहणार?



आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाविषयी यंदा जितकी चर्चा झाली, तितकी गेल्या कित्येक वर्षांत झाली नसेल. इंदूर हे क्रिकेटचे गाव. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकत इथली मुले मोठी होतात. खो-खो आणि कबड्डी ही आपल्या मराठी शाळांची जुनी हौस. शेजारी महूला छावणीमुळे फुटबॉल पूर्वीपासून रुजला. आपल्याकडे मात्र तो पावसाळ्यात, पिच ओले असते तेव्हा खेळायचा खेळ, अशीच समजूत राहिली. पण या वर्षी आपल्या सतरा वर्षांखालील संघावर दोन सामन्यांत नऊ गोल झाले, आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत एकच प्रश्न निघू लागला : मागे किती मुले ठेवायची?

सूचना पुष्कळ आल्या. बहुतेकांचे म्हणणे असे की चार बचावपटू पुरत नाहीत तर पाच ठेवा, गरज पडली तर सहा ठेवा, आणि वर्गातील थोराड मुले शोधून त्यांना गोलासमोर उभे करा. दुसरीकडे काही पालकांनी आम्हांस भेटून वेगळीच विनंती केली : “सर, आमच्या मुलाला मागे ठेवू नका, पुढे खेळू द्या.” एका आईंनी तर सांगितले की मुलगा मागे खेळतो हे घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायला त्याला लाज वाटते.

या दोन्ही गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात. आमच्या मते त्यांचे मूळ एकच आहे. मागची जागा म्हणजे ज्याला दुसरे काही येत नाही त्याची जागा, हा समज दोन्हींच्या मुळाशी आहे. ज्याला पळता येत नाही तो बॅक, ज्याला लाथही मारता येत नाही तो गोलकीपर. मोहल्ल्यातल्या खेळात हे चालते. शाळेच्या संघात ते चालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे आधी सांगून टाकतो. बचावात चारच मुले असावीत, ती एका रेषेत खेळावीत, प्रत्येकाने एकेक विरोधी खेळाडू न पकडता आपापला टापू सांभाळावा, आणि त्या चार जागांवर संघातील सर्वांत समजदार मुले असावीत. थोराड नव्हे, समजदार.

मागे किती हवेत, हा प्रश्न फुटबॉलइतकाच जुना आहे, त्यामुळे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. शंभर वर्षांपूर्वी संघ मागे दोनच बचावपटू ठेवीत आणि पुढे पाच. ऑफसाइडचा नियम तेव्हा असा होता की चेंडू मिळताना खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये विरुद्ध संघाचे निदान तीन जण हवेत. १९२५ साली ते तीनचे दोन झाले, आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफबॅकला मागे ओढून दोन फुलबॅकच्या मध्ये उभे केले. तोच पुढे ‘स्टॉपर’ झाला. आपल्याकडे जुने लोक अजूनही हा शब्द वापरतात. म्हणजे दोनचे तीन झाले.

या तिघांचे काम ठरलेले होते : आपापला माणूस धरायचा आणि सोडायचा नाही. हे गणित २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर मोडले. हंगेरीचा हिदेगकुटी अंगावर सेंटर-फॉरवर्डचा शर्ट घालून प्रत्यक्षात मधल्या फळीत येऊन खेळू लागला. इंग्लंडच्या स्टॉपरला कळेना की त्याच्यामागे जावे की आपली जागा धरून राहावे. मागे गेला तर गोलासमोर भगदाड, न गेला तर हिदेगकुटी मोकळा. हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला, त्यातले तीन गोल याच हिदेगकुटीचे. पाच वर्षांनी, १९५८ साली, ब्राझील मागे चार बचावपटू घेऊन स्वीडनमध्ये विश्वविजेते झाले. तेव्हापासून निरनिराळ्या देशांनी निरनिराळे प्रयोग केले, इटलीने चौघांच्याही मागे एक मोकळा राखणदार ठेवून पाहिला, पण शाळेच्या मुलांना सर्वांत सहज समजणारी रचना आजही चौघांचीच आहे.

मात्र नुसते चार उभे करून काही होत नाही. आपल्यावर नऊ गोल झाले तेव्हाही चारच होते.

इटलीतील मिलान संघाचे प्रशिक्षक अरिगो साकी यांचे उदाहरण आम्हांस फार आवडते. हे गृहस्थ कधीही व्यावसायिक फुटबॉल खेळले नाहीत. आधी बूट विकण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या संघाने १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप जिंकला. गुलिट आणि व्हॅन बास्टेन हे त्यांचे जगप्रसिद्ध आघाडीवीर, आणि त्यांना साकींची शिस्त पटत नव्हती. तेव्हा साकींनी त्यांना सांगितले की तुम्ही दहा जण हल्ला करा. माझा गोलकीपर आणि चार बचावपटू एवढेच समोर असतील. पंधरा मिनिटे घ्या. अट एकच : चेंडू हिसकावला गेला की पुन्हा आपल्या अर्ध्या मैदानातून सुरुवात करायची. साकी सांगत की हे त्यांनी अनेकदा करून पाहिले आणि त्या दहा जणांना एकदाही गोल करता आला नाही. पाच जण ठरवून हलत होते, दहा जण आपापल्या मनाने पळत होते, एवढाच फरक.

आता हे ‘ठरवून हलणे’ म्हणजे काय? ज्यांनी फुटबॉल पाहिला नाही त्यांनी कबड्डी आठवावी. चढाई करणारा आला की आपले सातही जण त्याच्यावर झेपावत नाहीत. कोपऱ्यातला एक जण घात लावून असतो, त्याच्या शेजारचा त्याला आधार देतो, आणि सगळी साखळी चढाईपटूच्या पावलांबरोबर डावी-उजवीकडे सरकत राहते. कोपऱ्याने घाई करून एकट्यानेच पाय धरला, शेजारी मदतीला नसला, की चढाईपटू त्याला ओढत मधली रेषा गाठतो. फुटबॉलच्या चौघांचेही हेच. चेंडू उजवीकडे असेल तर उजवा बॅक चेंडूवर जातो, त्याच्या शेजारचा थोडा मागे तिरपा राहून त्याला आड देतो, आणि लांबचा डावा बॅक आपली कडेची रेषा सोडून मध्ये सरकतो. चेंडू डावीकडे गेला की सगळे उलट. चौघांमधले अंतर आठ-दहा पावलांपेक्षा वाढू द्यायचे नाही. चेंडू पुढे गेला की चौघांनी मिळून पुढे यायचे, मागे आला की मिळून मागे जायचे. हे वाचायला सोपे आहे. पाऊण तास, दमलेल्या पायांनी करायला अतिशय अवघड आहे.

आणि गंमत बघा, कबड्डीत कोपऱ्याचा मान केवढा! डावा कोपरा कोण खेळतो हे गावाला माहीत असते. तिथे कुणी आईबाप येऊन सांगत नाहीत की आमच्या मुलाला बचावाला ठेवू नका. फुटबॉलमध्येच हा कमीपणा कुठून आला, देव जाणे. टीव्हीवर गोल पुन्हा पुन्हा दाखवतात, अडवलेला गोल एकदाच दाखवतात, हे एक कारण असावे.

पाच किंवा सहा जण मागे ठेवण्याच्या सूचनेला आमचा विरोध का, तेही सांगायला हवे. मागे सहा ठेवले की मधल्या फळीत माणसे कमी पडतात. आपल्या बॅकने जोरात मारून बाहेर काढलेला चेंडू मग विरुद्ध संघालाच सापडतो आणि अर्ध्या मिनिटात परत आपल्या गोलासमोर येतो. पुन्हा मारा, पुन्हा येतो. मुले दमतात ती चेंडू मागे येतो म्हणून नव्हे, तो येतच राहतो म्हणून. दुसरे असे की सहा जणांत जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ‘तू घे, तू घे’ करता करता चेंडू मधून निघून जातो. आपल्या दुसऱ्या सामन्यात तिसरा गोल झाला तेव्हा आपले सात खेळाडू गोलासमोर उभे होते. आम्ही रेषेबाहेर होतो, मोजले.

आमच्या क्रीडाशिक्षकांचे मत थोडे वेगळे आहे आणि ते नोंदवणे आम्हांस उचित वाटते. ते म्हणतात, “सर, मोठ्या क्रीडा-शाळांसमोर आठ-नऊ गोलांनी हरलेले पोर पुढच्या वर्षी बूटच घालत नाही. तिथे पाच जण मागे ठेवून अब्रू राखू द्या.” या म्हणण्यात तथ्य आहे. चौदा वर्षांच्या मुलाला हार किती लागते, हे वर्गात बसणाऱ्यांपेक्षा मैदानावर असणाऱ्याला जास्त कळते. म्हणून आम्ही एवढे मान्य केले की समोरचा संघ फारच भारी असेल तर मधल्या फळीतला एक जण चौघांच्या पुढ्यात, राखणदारासारखा, उभा राहील. चौघांच्या पुढे, मागे नव्हे. त्यामुळे रेषा मोडत नाही आणि बाहेर मारलेला चेंडू उचलायलाही कुणीतरी असते. तीन बचावपटूंच्या रचनेबद्दलही एका माजी विद्यार्थ्याने सविस्तर लिहून पाठवले, त्यांचे आभार. पण त्या रचनेत दोन्ही कडांना सबंध मैदान वर-खाली धावणारी दोन मुले लागतात, आणि तशी दोन मुले आज आपल्याकडे नाहीत. असलेल्या मुलांतूनच रचना काढावी लागते.

आता निवडीचा प्रश्न. मागच्या चौघांत आम्हांस काय हवे? उंची हवी, पण ती शेवटी. फॅबियो कॅनावारो हा इटलीचा बचावपटू उंचीने जेमतेम पावणेसहा फूट. २००६ साली तो विश्वविजेत्या संघाचा कप्तान होता आणि त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओर पुरस्कारही त्यालाच मिळाला. उंचीऐवजी त्याच्याकडे काय होते? चेंडू कुठे येणार हे तो आधी ओळखत असे. आपल्याला अशी मुले हवीत जी चेंडूकडे पाहता पाहता मान वळवून आपल्या शेजाऱ्याकडेही पाहतात. जी चकवा खाल्ल्यावर रागाने मागून पाय घालत नाहीत. ज्यांना चेंडू मिळाल्यावर तो आपल्याच माणसाला देता येतो.

हे शेवटचे आता फार महत्त्वाचे झाले आहे. १९९२ पासून नियम असा आहे की आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हाताने उचलता येत नाही. आणि २०१९ पासून गोलकिक आपल्याच पेनल्टी क्षेत्रात उभ्या असलेल्या खेळाडूलाही देता येते. म्हणजे जगभर खेळाची सुरुवात आता मागच्या चौघांपासून होते. ज्याला लांब लाथ मारण्याखेरीज काही येत नाही, तो बॅक आज निम्माच बॅक आहे.

अर्थात आपले मैदान माळव्याच्या काळ्या मातीचे. श्रावणात चेंडू चिखलात जागच्या जागी थांबतो, आणि तिथे टीव्हीवर पाहिलेले छोटे छोटे पास गोलासमोर करायला गेलात तर घात होतो. हे आम्ही सराव पाहताना दोनदा पाहिले आहे. तेव्हा मुलांनो, पाऊस असेल त्या दिवशी लाथ मारून बाहेर काढा, कुणी रागावणार नाही. मैदान कोरडे झाले की मग खेळा. तसेच विरोधकांना ऑफसाइडमध्ये अडकवण्याच्या मोहात पडू नका. शालेय स्पर्धांत कडेला झेंडा घेऊन उभा असलेला माणूस प्रत्येक वेळी तुमच्या रेषेत असेलच असे नाही.

पालकांच्या मनातील एक शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आम्ही देणे लागतो. बचावपटूंना डोक्याने चेंडू फार मारावा लागतो, त्याने अपाय होत नाही ना, असे दोन-तीन मातांनी विचारले. २०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवायचे नाही असे ठरवले. अमेरिकेतही लहान वयात हेडिंगवर बंधने आहेत. आपल्या शाळेतही पाचवीपर्यंत हेडिंग शिकवले जाणार नाही, आणि मोठ्या मुलांच्या सरावातही ते मोजकेच राहील. उंच मुलगा दिसला की त्याला तासभर हवेतले चेंडू डोक्यावर घ्यायला लावणे, हा प्रकार होणार नाही याची जबाबदारी आमची.

मुलींच्या संघाविषयी इथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यांचा बचाव मुलांपेक्षा चांगला आहे, आणि त्याचे कारण म्हणजे त्या बोलतात. ‘माझा’, ‘सोड’, ‘मागे एक आहे’, ‘चला वर’ असे सतत चालू असते. मुले मात्र गोल झाल्यावरच बोलतात, तेही एकमेकांना दोष देण्यासाठी. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे मैदानावर ‘माझा’ म्हणा की ‘मेरा’ म्हणा, आमची काही हरकत नाही. मराठीच्या शिक्षिकांची असू शकेल. पण म्हणा, आणि चेंडू येण्याआधी म्हणा.

ज्या आईंना मुलाच्या जागेची लाज वाटते असे आम्हांस कळले, त्यांच्यासाठी आणि त्या मुलासाठी एक खरी घटना सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. ते भारतीय संघाचे प्रशिक्षक असताना १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला देश चौथा आला. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा चित्रपट आला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांचा स्टॉपर होता जर्नेल सिंग. स्पर्धेत त्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम साहेबांनी त्याला बाहेर बसवले नाही. चक्क सेंटर-फॉरवर्डच्या जागी खेळवले. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा या जर्नेल सिंगचा. ज्याने आयुष्यभर गोल अडवले त्याला गोल कुठून होतो हे ठाऊक होते. तेव्हा खेळातली जागा म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. आज मागे खेळणारा उद्या पुढे जाईल, आणि पुढचा मागे येईल. किंबहुना नववीच्या प्रत्येक खेळाडूला वर्षातून निदान एक महिना बचावात खेळावे लागेल, असे आम्ही ठरवले आहे. कप्तानालाही.

विश्वस्त मंडळींपुढे एक स्पष्ट गोष्ट ठेवतो. एका बैठकीत अशी सूचना झाली की बाहेरची दोन-तीन तयार मुले अकरावीत प्रवेश देऊन घ्यावीत आणि मागे उभी करावीत. पुढच्या वर्षी जिल्ह्यात नाव होईल. नाव होईलही. पण सहावीपासून रोज संध्याकाळी गोलजाळ्या बांधणारी आपली मुले मग कुठे उभी राहणार? सुब्रतो कपसारख्या स्पर्धा १९६० पासून शाळांसाठी चालू आहेत. त्या शाळांच्या स्पर्धा आहेत, आणि शाळेच्या संघात शाळेची मुले दिसावीत. आम्ही या सूचनेस संमती देऊ शकत नाही, हे नम्रपणे पण निश्चितपणे सांगतो. त्याऐवजी मैदानाच्या उत्तरेकडील गोलासमोरचा खड्डा भरून रोलर फिरवून दिला, तर आपला उजवा बॅक सामन्यातून दोनदा तरी घसरायचा वाचेल. खर्चही फार नाही.

सराव दर मंगळवारी व गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता होईल. क्रीडाशिक्षकांनी रस्सीखेचीचा जुना दोर काढून ठेवला आहे. चारही बचावपटूंनी तो ठरावीक अंतरावर एका हाताने धरायचा आणि शिट्टीबरोबर डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे सरकायचे. दोर सैल पडता कामा नये आणि ताणला जाऊन हातातून सुटताही कामा नये. चेंडू पहिल्या दोन आठवड्यांत मिळणार नाही, याची कल्पना मुलांना दिलेली आहे. ज्या पालकांना सकाळी वेळ असेल त्यांनी अवश्य यावे. गेल्या गुरुवारी तीन वडील आले होते; चौथा मिळाला असता तर त्यांच्याही हाती आम्ही दोर दिला असता.